आधी भरती-ओहोटी बघा, मग नकाशा: समुद्रातून उतरलेल्या ब्रिगेडचा युद्धातला इतिहास कसा जुळवायचा

आजीचे थोरले भाऊ, आमचे मामाआजोबा, दुसऱ्या महायुद्धात होते एवढंच घरात माहीत होतं. कोण म्हणायचं नेव्हीत होते, कोण म्हणायचं छे, ते चिखलातून चालत गेल्याचं सांगायचे म्हणजे पायदळातच असणार, आणि हा वाद प्रत्येक गणपतीत एकदा तरी व्हायचा. त्यांचा डिस्चार्जचा कागद ट्रंकेत चौघडी करून ठेवलेला, आणि घडी नेमकी जिथे पडली होती तिथेच शाई उडालेली. खिडकीपाशी नेऊन आडव्या उजेडात धरला तेव्हा कुठे तीन शब्द लागले: लँडिंग क्राफ्ट विंग, म्हणजे सैन्याला किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींचा नेव्हीतला विभाग. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या. माणूस नेव्हीचा आणि काम चिखलातलं.

तिथून मी जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण अशा तुकड्यांचा इतिहास नेहमीच्या पायदळाच्या पलटणीसारखा शोधायला गेलात तर हमखास अडकता. मी उदाहरण घेतलंय १९४५ च्या जानेवारीतल्या आराकानचं, म्हणजे बर्माचा पश्चिम किनारा, आताचा म्यानमारमधला राखाइन. तिथे ३ कमांडो ब्रिगेड आणि २५ वी भारतीय डिव्हिजन हे दोघं मिळून खाड्याखाड्यांतून उतरत गेले. तुमची तुकडी वेगळी असेल तरी पद्धत हीच लागेल.

पहिलं काम, नावं नीट करून घ्या. यात लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. ३ कमांडो ब्रिगेड हे नाव तिला ६ डिसेंबर १९४४ ला मिळालं, त्याआधी ती ३ स्पेशल सर्व्हिस ब्रिगेड होती, त्यामुळे १९४४ चे कागद कमांडो ब्रिगेड म्हणून शोधलेत तर हाताला काही लागत नाही आणि वाटतं की कागदच नाहीत. तिच्यात चार तुकड्या, १ आणि ५ नंबरच्या आर्मी कमांडो आणि ४२ आणि ४४ नंबरच्या रॉयल मरीन कमांडो, म्हणजे अर्ध्या आर्मीच्या आणि अर्ध्या नेव्हीच्या, म्हणून कागदही दोन ठिकाणी विभागलेत. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आर्मी कमांडोंच्या वॉर डायऱ्या, म्हणजे तुकडीच्या रोजच्या नोंदी, डब्ल्यूओ २१८ मध्ये, मरीनच्या एडीएम २०२ मध्ये, आणि आग्नेय आशिया कमांडखालच्या बाकीच्या, त्यात भारतीय पलटणी आल्या, डब्ल्यूओ १७२ मध्ये. ही तीन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावांची नावंही बदललीत. अक्याब म्हणजे आताचं सित्वे, रंगून म्हणजे यांगॉन. मराठा लाइट इन्फंट्रीचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी मधे एच घालून, 'महरट्टा' वाचावं तसं करायचे, ते दोन्ही प्रकारे शोधा, २५ व्या डिव्हिजनमध्ये १७/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची १७ वी बटालियन, होतीच. आणि पलटणींची फाळणी झाली हे विसरू नका. १० बलूच रेजिमेंट पाकिस्तानात गेली. १९ हैदराबादची कुमाऊँ झाली. २/२ पंजाब पुढे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची पहिली बटालियन झाली, आणि गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. म्हणजे आराकानमधल्या कांगॉच्या टेकडीवर लढलेल्या पलटणीचा वारसा विदर्भात सांभाळला जातोय, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

मग घरातले फोटो काढा, चेहरे नंतर, आधी खांद्यावरची खूण बघा. हिरव्या चौकोनावर काळा इस्पिकचा एक्का असेल तर २५ वी डिव्हिजन. निळ्या त्रिकोणातून बाहेर येणारा वाघ असेल तर २६ वी. नांगर, गरुड आणि टॉमीगन एकत्र असेल तर ती कम्बाइन्ड ऑपरेशन्सची, म्हणजे तिन्ही दलांच्या एकत्र मोहिमांची खूण, आणि ती दिसली की समजायचं की हा माणूस बोटीतून उतरण्याच्या कामाशी संबंधित होता, मग तो कुठल्याही दलाचा असो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंग कळत नाहीत म्हणून आकारावर भर द्या, फोटो हाय रिझोल्यूशनला स्कॅन करून फक्त खांदा मोठा करून बघा. मेडलवर बर्मा स्टार असेल तर मागच्या बाजूला आणि कडेला नाव-नंबर कोरलाय का तेही बघा, सर्व्हिस नंबर मिळाला की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

यानंतर ट्रेनिंग कुठे झालं ते शोधा. हे लोक वगळतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण आपल्या वाचकाला हा इतिहास जवळचा वाटतो तो इथेच. जानेवारी १९४४ मध्ये ५ नंबर आणि ४४ नंबर कमांडो मुंबईत उतरल्या आणि त्यांचा तळ पडला केडगावला, पुणे-दौंड लाइनवरचं केडगाव. बाकी दोन तुकड्या मागे राहिल्या कारण त्यांच्या रांची नावाच्या जहाजावर भूमध्य समुद्रात बॉम्ब पडला. किनाऱ्यावर उतरायचा सराव मुंबईत मढला व्हायचा. खडकवासल्याच्या तलावाकाठी तर एचएमएस अँगोस्टुरा नावाचं लुटुपुटीचं जहाज होतं, सैनिकांनी त्यावरून बोटीत उतरायची सवय करायची, आणि नंतर तीच जागा एनडीएला दिली गेली. मार्वेची आयएनएस हमला आहे ना, तिची मुळंही लँडिंग क्राफ्टच्या ट्रेनिंगमधली. पुण्या-मुंबईचे असाल तर ह्या जागा स्वतः जाऊन बघता येतात, आत जाता आलं नाही तरी मढला सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी उभं राहिलं तरी पुरे, पाय किती खोल जातो ते कळतं.

आता मुख्य भाग. समुद्रातून उतरणाऱ्या फौजेचा इतिहास हा पाण्याचा इतिहास असतो, त्यामुळे कुठलीही लढाई वाचायच्या आधी मी त्या दिवसाची तिथी काढतो. कोकणात कुठल्याही कोळ्याला विचारा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. आराकानच्या किनाऱ्याला वेळ तीच येणार नाही, बंदराबंदराला फरक असतो, पण अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी, हे जगात बहुतेक सगळीकडे सारखं. १९४५ चं जुनं पंचांग मिळालं तर उत्तम, नाहीतर चंद्राच्या कला दाखवणारी वेबसाइट चालते. १४ जानेवारी १९४५ ला अमावस्या होती, सूर्यग्रहणही होतं. २८ जानेवारीला पौर्णिमा.

आता हे घेऊन आराकान किनाऱ्यावरचं म्येबॉन बघा. १२ जानेवारीला ३ कमांडो ब्रिगेड म्येबॉनच्या टोकाला उतरली, अमावस्येच्या दोन दिवस आधी, म्हणजे पाणी उधाणाकडे चाललेलं, भरतीला खूप आत येणार आणि सुकतीला तेवढंच लांब जाणार. जपान्यांनी किनाऱ्यापुढे लाकडी खुंट ठोकून ठेवले होते, ते आदल्या रात्री गुपचूप जाऊन पाहणी करणाऱ्या छोट्या पथकाने टायमरचे स्फोटक लावून उडवले. पहिल्या लाटेतल्या लोकांना पाणी होतं, ते बऱ्यापैकी निभावले. मागून आलेल्यांच्या वेळेपर्यंत ओहोटी लागली आणि समोर उरला नुसता गाळ, माणसं कमरेपर्यंत रुतलेली, हत्यारं डोक्यावर धरून तासन् तास तेवढंच अंतर कापतायत, आणि रणगाडे तर तिथे उतरवणं शक्यच नाही, त्यांना दुसरी जागा शोधावी लागली. पायदळाच्या डायरीत हे दोन ओळीत येतं, चिखलामुळे उशीर झाला. तिथी हाताशी असली की त्या दोन ओळी उलगडतात.

वेळेच्या बाबतीत एक सावधगिरी. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतात घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्यामुळे भारतीय कागदात सकाळचे ८ म्हणजे आताच्या हिशोबाने ७. जहाजाच्या लॉगमध्ये वेळ वेगळ्या झोनची असू शकते, बऱ्याचदा वेळेपुढे एक अक्षर असतं ते झोनचं, ते गाळून उतरवून घेऊ नका. मी एकदा गाळलं आणि माझ्या तक्त्यात तोफांचा मारा सैन्य उतरल्यावर सुरू झालेला दिसायला लागला, आठवडाभर डोकं फोडून घेतलं.

तक्ता म्हणजे काय ते सांगतो. एक मोठा कागद घ्या किंवा एक्सेल उघडा. आडवे दिवस, उभे चार रकाने: पाणी, जहाजं, जमीन, शत्रू. पाण्याच्या रकान्यात तिथी आणि भरती. जहाजांच्या रकान्यात कोण कुठे होतं, आपल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या नर्बदा आणि जमना ह्या स्लूप, म्हणजे छोट्या युद्धनौका, आराकानमध्ये तोफांचा मारा करत होत्या, त्या इथे येतील. लँडिंग क्राफ्टच्या फ्लोटिला, म्हणजे बोटींचे ताफे, तेही इथेच. जमिनीच्या रकान्यात कमांडो आणि पलटणी. शत्रूचा रकाना रिकामा ठेवू नका, समोर जपानची २८ वी आर्मी होती, तिची ५४ वी डिव्हिजन, आणि कांगॉला कोबा नावाच्या मेजर जनरलच्या हाताखालचा मात्सु गट. मी सुरुवातीला फक्त जमिनीचाच रकाना भरत होतो आणि मामाआजोबा त्यात कुठेच बसत नव्हते, कारण ते जमिनीवर नव्हतेच, ते बोटीच्या रकान्यात होते. रत्नागिरीकडची कितीतरी घरं अशी आहेत, विशेषतः कोकणी मुसलमानांची, जिथे पिढ्यान् पिढ्या माणसं ह्या नेव्हीत खलाशी म्हणून गेली, आणि युद्धाच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख एवढाच की सैन्य बोटीने नेण्यात आलं. कोणी नेलं? हा प्रश्न तुमच्या वहीत कायम असला पाहिजे.

बोट कशी चालते हेही थोडं समजून घ्या, नाहीतर डायरीतली भाषा कळत नाही. एलसीए म्हणजे छोटी, साधारण ३५ माणसं घेणारी, पुढचा दरवाजा खाली पाडून माणसं उतरवणारी. एलसीएम मोठी, तिच्यात एक रणगाडा बसतो. किनाऱ्याला लागण्याआधी मोठी क्राफ्ट मागून नांगर टाकते, आणि माणसं उतरली की त्याच दोरावर स्वतःला मागे ओढून घेते, कारण सुकती लागली आणि बोट गाळावर बसली की पुढच्या भरतीपर्यंत ती हलत नाही, शत्रूला आयतं निशाण. मामाआजोबा म्हणायचे, "दोर ओल्या हाताने धरायचा नाय, कातडी जाते," आणि आम्हाला वाटायचं ते मासेमारीचं सांगतायत.

कांगॉचं प्रकरण ह्या पद्धतीने बघितलंत तर वेगळंच दिसतं. जपान्यांचा माघारीचा रस्ता कांगॉवरून जात होता आणि तो तोडायचा होता. सरळ वाट सोडून ताफा दाइंगबॉन चाउंग नावाच्या खाडीतून, कित्येक मैलांचा वळसा घेऊन, दक्षिणेकडून आत शिरला. चाउंग म्हणजे आपली खाडीच, दोन्ही बाजूंना तिवरांचं रान, किनारा असा नाहीच, बोट सोडली की थेट कांदळवनात. २२ जानेवारीला दुपारी १ नंबर कमांडो आधी उतरली. तिथी बघा, अमावस्येनंतर आठवा दिवस, भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार कमी. अरुंद खाडीत बोटी नेताना हे लक्षात ठेवलं होतं की तारीख तशीच जुळून आली, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तक्त्यात दोन्ही गोष्टी शेजारी आल्या की असे प्रश्न सुचतात आणि मग प्लॅनिंगच्या कागदात नेमकं काय बघायचं ते कळतं.

उतरल्यावर त्यांनी टेकडी १७० घेतली, भातखाचरांतून वर आलेला लांबट उंचवटा. पुढे आठवडाभर जपानी तोफांचे गोळे त्या जागेवर पडत राहिले. ३१ जानेवारीला पहाटे टेकडीच्या उत्तर टोकावर मोठा हल्ला आला. टेकडीखाली १९ लान्सर्सचे तीन शर्मन रणगाडे होते, जपानी इंजिनिअर बांबूच्या टोकाला स्फोटकं बांधून त्यांच्यावर धावून गेले. उत्तर टोकाला १ नंबर कमांडोचा लेफ्टनंट जॉर्ज नोलंड होता, वय २२, हाताखाली २४ माणसं. जखमी झालेल्यांच्या जागी तो स्वतः ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन, चालवत राहिला, मग उखळी तोफ, तीही जमिनीवर न टेकवता कमरेशी धरून, आणि शेवटी मेलेल्या सोबत्याची टॉमीगन. तो तिथेच पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दिवस संपेपर्यंत टेकडीभोवती ३०० हून जास्त जपानी मृतदेह होते.

बहुतेक लेख इथे संपतात आणि मला ते बोचतं. कारण त्याच आठवड्यात शेजारच्या मेलरोझ नावाच्या टेकडीवर ५१ वी भारतीय ब्रिगेड लढत होती, आणि तिच्या तीनही पलटणींचे कमांडर भारतीय होते, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. ८/१९ हैदराबादचे थिमय्या, १६/१० बलूचचे एल. पी. सेन, आणि २/२ पंजाबचे शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरचे. २९ जानेवारीला थोरातांच्या पलटणीने मेलरोझ घेतली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. हेच थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले, आणि हेच थोरात पुढे ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले, ज्यांनी १९६० च्या युद्धसरावात चीनच्या हल्ल्याचा इशारा दिला होता. म्हणून सांगतो, कमांडोंची डायरी वाचलीत की त्याच तारखेची ५१ ब्रिगेडची डायरी उघडाच, आणि त्याच तारखेचा जहाजाचा रिपोर्टही. तीन कागद एकत्र ठेवल्याशिवाय त्या दिवसाबद्दल एक वाक्यही लिहू नका.

न झालेल्या मोहिमांसाठीही एक पान ठेवा. असल्या फौजेचं नशीब बोटींच्या संख्येवर ठरतं. १९४३ च्या शेवटी अंदमानवर उतरायचा बेत होता, तो रद्द झाला कारण लँडिंग क्राफ्ट युरोपकडे हव्या होत्या. त्याच्याही आधी अक्याबवर समुद्रातून जायचं ठरून बोटींअभावी बारगळलं. तुमचा माणूस सहा महिने नुसता सराव करत होता असं कागदात दिसलं तर तो रिकामा बसला होता असं समजू नका, बोटीची वाट बघत होता. आणि कधी उलटंही होतं, ३ जानेवारी १९४५ ला एवढी तयारी करून अक्याबला उतरले तर जपानी आधीच निघून गेलेले. आदल्या दिवशी एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याने छोटं विमान खाली आणलं आणि गावकरी हात हलवताना दिसले, म्हणून बॉम्बवर्षाव थांबवला. त्या एका माणसाच्या डोळ्यांमुळे गाव वाचलं. अशी नोंद आपण नक्की ठेवायची.

भारतातले कागद: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, घरबसल्या शोधता येतं. घरातल्या माणसाच्या सेवेचा कागद हवा असेल तर त्याच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, मराठा असेल तर बेळगाव. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगतात. मला एका ठिकाणी तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा एका क्लार्कने स्वतः उठून रजिस्टर काढलं, त्यामुळे चिकाटी सोडू नका आणि सर्व्हिस नंबर असल्याशिवाय जाऊ नका.

शेवटी, जे परत आले नाहीत त्यांना शोधणं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं. अक्याबच्या कबरी नंतर यांगॉनजवळच्या टाउक्यान स्मशानभूमीत हलवल्या. तिथेच रंगून मेमोरियल आहे, ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावं खांबांवर कोरलेली. पण आपल्याकडचे लोक एक चूक करतात, फक्त कबर शोधतात. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यांच्यासाठी टाउक्यानला वेगळं क्रिमेशन मेमोरियल आहे, हजारावर नावं आहेत, ते बघायला विसरू नका. स्पेलिंग पाच प्रकारे करून बघा, शिंदेचं एस-आय-एन्-डी-ई असू शकतं, जाधवच्या शेवटी ओ असू शकतो, आडनाव नसून नुसतं वडलांचं नाव असू शकतं, आणि गावाच्या जागी कधी तालुका कधी जिल्हा. नाव सापडलं की पॅनेल नंबर उतरवून घ्या, आणि गावात त्या घरातलं कोणी असेल तर त्यांना फोनवर सांगू नका, जाऊन सांगा, कागदाची प्रत हातात द्या.